माझ्या पाठीवर ऋतिकचं नाव आहे

मित्रांनो, मला उलटी करून पाहा. कडेला बारीक ठिपक्यांची अक्षरं दिसतील: ‘चि. ऋतिकच्या उष्टावणानिमित्त, मामाकडून.’ मी एक जुनी स्टीलची थाळी आहे. ज्याचं नाव माझ्या पाठीवर आहे तो आता नाही. आणि त्याच्या नावानं मी एका जिवंत पोरीला जवळजवळ संपवलं होतं. गोष्ट गोड करून सांगायची मला सवय नाही. मी भांडं आहे, मिठाईवाला नाही.

माझा जन्म साधाच. कुठल्याशा कारखान्यात पत्र्याची चकती कापली, दाबली, कड वळवली, घासून चकचकीत केली. बोरी अरबच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानात मी दोरीला टांगून होते. ऋतिकच्या मामानं मला घेतलं. दुकानदारानं नाव घालायची घरघरणारी सुई पाठीवर टेकवली तेव्हा मी थरथरले होते. तेव्हापासून मी नुसती थाळी राहिले नाही, एका माणसाचं ताट झाले.

त्याच्या आयुष्यातला पहिला घास माझ्यातून उचलला गेला. खीर होती. विमलताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, तो घास त्याच्या ओठांना लावला आणि त्यानं अख्खं बोट चोखलं. पुढं तो वाढला, मीही चेपले, चरे पडले. त्याला आणखी हवं असलं की बोलायचा नाही. मधल्या बोटाच्या गाठीनं माझ्या कडेवर दोनदा वाजवायचा. टक टक. विमलताई चुलीपासून म्हणायची, “आली, बापा, आली.” पोरं लहान असतानाच नवरा काविळीनं गेला होता. घरात म्हातारे सासरे बापूजी, ऋतिक आणि त्याच्याहून आठ वर्षांनी लहान निकिता. एवढाच संसार. त्या दोन टकटकींवर ती बाई जगत होती असं म्हटलं तरी चालेल.

ऋतिक एकोणीस वर्षांचा असताना, कपाशीच्या दिवसांत, एका दुपारी विमलताई माझ्यात भाकर, वरण आणि वांग्याची भाजी वाढत होती. त्यानं एक घास घेतला. फोन आला. कुणाचा तरी ट्रॅक्टर फाट्यावर अडकला होता. “झाकून ठेव आई, येतोच,” म्हणाला आणि हात धुऊन गाडीला किक मारली.

फाट्यावर ट्रक आला.

मी दोन दिवस तशीच झाकलेली राहिले. वरून परात, आत तो एक घास कमी असलेलं जेवण. मुंग्या आल्या, आंबूस वास सुटला. सारं गाव घरात येऊन रडून गेलं, पण परात कुणी उचलली नाही. बाया मात्र कुजबुजत होत्या. भरल्या ताटावरून उठला, म्हणे. उपाशी गेला, म्हणे. ज्या तोंडांनी हे सांत्वन म्हणून सांगितलं, त्या तोंडांवर मी एकदा तरी आदळायला हवं होतं.

दहाव्या दिवशी मला नदीवर नेलं. पिंडाशेजारी मी होते, त्याच्या आवडीचं सगळं माझ्यात होतं. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले. एकही खाली येईना. ऊन चढलं. मामा म्हणाला, तुझ्या बहिणीला शिकवू. कावळा हलला नाही. बापूजी म्हणाले, आईला सांभाळू. तरी नाही. शेवटी विमलताई पुढं झाली, वाळूत गुडघे टेकले आणि म्हणाली, “तुले उपाशी नाही ठेवनार, बापा. तुहं ताट रोज वाढीन.”

कावळा लगेच उतरला. पिंडाला नाही, आधी माझ्या कडेला चोच मारली. दोनदा.

लोक म्हणाले, शिवला, शिवला. मी मात्र त्या उन्हात गार पडले.

मग रोज दुपारी मी वाढली जाऊ लागले. भिंतीशी पाट, पाटासमोर मी, शेजारी पाण्याचा तांब्या. विमलताई पंधरा मिनिटं दाराकडं पाहत बसायची. नंतर प्रश्न यायचा, याचं करायचं काय? पहिल्या दिवशी तिनं ते गाईला नेलं. गाईनं हुंगलं आणि मान फिरवली. विमलताई परत आली ती पांढरी पडून. निकिता नुकतीच जेवून उठली होती. अकरा वर्षांची, काडीसारखी पोर.

“निके, हे खाऊन घे.”

“माहं झालं ना, आई.”

“खाय. तुह्या तोंडानं तो खाते.”

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. यात मारहाण नाही, शिवी नाही. मायेनं म्हटलेलं वाक्य आहे. पण अशा वाक्यानं लेकराच्या पोटात दुसराच माणूस राहायला येतो.

ती खाऊ लागली. आधी रडत, घास पाण्याबरोबर ढकलत. मग न रडता. मग वाट पाहत. सहा महिन्यांनी ती माझ्यासमोर बसायची तेव्हा तिची नजर माझ्यात नसायची. जेवणारा माणूस ताटात पाहतो, काय आधी खायचं ते ठरवतो. ही दाराकडं पाहत भराभर भरायची, जणू कुणी मागं उभं राहून घाई करतंय. वांग्याला जन्मात हात न लावणारी पोर वांगी संपवून बोटं चाटायची.

आणि एक दिवस तिनं मधल्या बोटाची गाठ माझ्या कडेवर मारली. टक टक.

विमलताईच्या हातातलं उलथनं पडलं. निकितानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. म्हणाली, “मी नाही वाजवलं.”

“माहीत आहे,” विमलताई म्हणाली. तिचा चेहरा कधी नव्हे तो उजळला होता. “आला माहा पोट्टा.” आणि तिनं आणखी दोन भाकरी वाढल्या.

त्यानंतर निकिताला थांबवणारं घरात कुणी उरलं नाही. शाळेतली खिचडी दोनदा, फाट्यावरचे आलुबोंडे, घरी आल्यावर डब्यातला गूळ, गूळ संपला तर साखर घातलेलं कोरडं पीठ. भांड्यांच्या फळीवरून आम्हाला घरातलं सगळं दिसतं. ती दाराआड उभी राहून खायची, तोंड न हलवता, आवाज न करता. खाऊन झालं की भिंतीला पाठ लावून बसायची आणि पोटावर हात ठेवून धापा टाकायची. चव लागत होती का, विचाराल तर नाही. भूक होती का, तर तीही नाही. नुसती ओढ होती. विहिरीत पोहरा जसा जातो, तशी ती डब्याकडं जायची.

शेजारची रामीबाई ओसरीवर येऊन हसायची. “विमल, पोट्टी भल्ली सुटली व. एकल्याचं जेवन नाही हे, जोडप्याचं आहे.”

“खाऊ दे,” विमलताई म्हणायची. “कमी काय आहे?”

वर्गात पोरी तिला ‘डबल’ म्हणत. त्यांना काय माहीत, किती खरं बोलत होत्या.

तेराव्या वर्षी तिच्या मानेवर काळी वळी उठली. विमलताईला वाटलं मळ आहे. दगडानं घासली. पोर ओरडली, कातडी सोलवटली, काळं गेलं नाही. मग बापूजींनी काठी उचलली आणि नातीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं काय झालं ते त्यांनी संध्याकाळी चुलीपाशी बसून सांगितलं, म्हणून मला कळलं. डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं. म्हणाल्या, “हा मळ नाही, शरीर हाक मारून राह्यलं. असंच चाललं तर पंधराव्या वर्षी साखरेच्या आजाराची गोळी सुरू करावी लागेल.” मग त्यांनी निकिताला विचारलं, “भूक कुठं लागते तुले? पोटात, तोंडात, का डोक्यात?”

निकिता म्हणाली, “मले नाही लागत. दादाले लागते.”

मॅडमनी पेन खाली ठेवला म्हणे. रागावल्या मात्र नाहीत. म्हणाल्या, “उपास करू नको, त्यानं ओढ वाढेल. आपल्या वेळेला आपल्या ताटात पोटभर जेव. मधेच ओढ लागली की दहा मिनिटं थांब. पाणी पी, अंगणात फिर. आणि विचार, कोण मागतंय?”

विमलताईनं सारं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “त्या मॅडमले लेकरू नसन.”

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, झालं, पोर सुधारली. अशी सुधारत नसतात माणसं. पहिल्या दिवशी निकितानं गुळाच्या डब्याला कुलूप लावून किल्ली बापूजींना दिली, आणि दुसऱ्या दिवशी उलथन्यानं कडी उचकटली. बापूजींनी वाकलेली कडी पाहिली. “आज हरली,” म्हणाले. “उद्या पाहू.” एक दिवस ती डब्यासमोर दहा मिनिटं हात मांड्यांखाली दाबून बसली आणि उठून गेली. त्यापुढचे तीन दिवस तिनं मला भाकरीनं पुसून कोरडं केलं. कधी अंगणात फेऱ्या मारताना मोठ्यानं विचारायची, “कोन मागून राह्यलं?” रामीबाईला वाटलं पोरीला बाहेरचं लागलं. लागलंच होतं, पण बाहेरचं नव्हतं. घरचं होतं.

मग ती दुपार आली. वेचणीचे दिवस, गल्ली रिकामी. विमलताईनं नेहमीपेक्षा जास्त वाढलं, कारण आदल्या दोन दिवसांत निकितानं ताट अर्धं सोडलं होतं आणि आईच्या मनात ते ऋतिकचं उपाशी राहणं होतं. भाकरीवर भाकर, कडेपर्यंत वरण. निकिता स्वतःच्या लहान ताटलीत जेवून हात धुऊन आली होती. आईनं तिला पाटावर बसवलं.

“खाय.”

“दहा मिनिटं, आई.”

भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. बापूजी खाटेवर उठून बसले. पोर माझ्याकडं पाहत होती, खरंच माझ्याकडं, पहिल्यांदा. सहा मिनिटं झाली, सात झाली. तिच्या ओठावर घाम आला. हात पुढं आला, मागं गेला.

टक टक.

माझ्याजवळ कुणाचाच हात नव्हता.

तिघांनीही ऐकलं. विमलताई कुजबुजली, “पाह्य. मागून राह्यला तो. खाय ना व, निके.”

निकिता म्हणाली, “मागू दे.”

“उपाशी मारशीन त्याले?”

“आई,” ती म्हणाली, “तो गेला तवा मी शाळेत होती. मी नाही मारलं त्याले.”

विमलताईनं तोंडावर पदर धरला. पोर पाटावर अर्धी उठून अडकली होती. लहानपणापासून ऐकलेलं अंगात असतं ना. भरल्या ताटावरून उठलं की माणूस परत येत नाही.

बापूजी म्हणाले, “ऊठ, बाई. मी आहे अथीच. ऊठ.”

ती उठली. दार ओलांडून अंगणात गेली. आणि अंगणात उभी राहिली, जिवंत.

आता मला माझं सांगायचं आहे. मी वाजले होते. स्टील तापलं की आवाज करतं, असं तुम्ही म्हणाल, आणि मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं. पण त्या दुपारी माझ्यातलं वरण निवून गेलं होतं. मी वाजले कारण मला भरलेलं राहायची चटक लागली होती. दोन वर्षं रोज माझ्यासाठी चूल पेटत होती, माझ्यासमोर एक बाई हात जोडून बसत होती. ऋतिक कुठं गेला मला ठाऊक नाही. मेलेले जेवतात का, तेही ठाऊक नाही. पण त्याचं नाव पाठीवर घेऊन जे मागत होतं, त्यात त्याचं काही नव्हतं. तो पोरगा बहिणीला आपल्यातला घास देणारा होता. ओरबाडणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी विमलताईनं मला पुन्हा वाढलं. कमी वाढलं. दाराकडं पाहत बसली. “निके” म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तिनं मला उचलून अंगणाच्या टोकाला नेलं. एक खरजुलं कुत्रं आलं, शेपूट हलवत सगळं चाटून गेलं. विमलताई उभी राहून वाट पाहत होती. आभाळ कोसळतं का, कुठून कावळा झेपावतो का. काहीच झालं नाही. ती तिथंच मातीत बसली आणि लेक आज मेल्यासारखी रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मला धुऊन तिनं वरच्या फळीवर पालथं ठेवलं. निकिता अजून झगडते. काही दिवस डबा उघडते, काही दिवस डब्यावर तळवा ठेवून उभी राहते आणि परत फिरते. मॅडमकडं महिन्याला जाते. मानेवरचं काळं फिकट व्हायला लागलंय. परवा ताटलीत अर्धी भाकर ठेवून उठली. विमलताईनं ती उचलून कुत्र्याला घातली.

मित्रांनो, अन्नाला पूर्णब्रह्म म्हणता ना? मग लेकरांच्या पोटाची कचराकुंडी का करता? वाया जाऊ नये असं वाटतं तर आधी कमी वाढा. पोर म्हणालं पोट भरलं, तर विश्वास ठेवा. आपलं दुःख, आपली भीती, आपले नवस त्याच्या ताटात वाढू नका. आणि ज्याला ओढ लागते त्याला हसू नका. तो कुणाकुणाचं खाऊन राह्यलाय, तुम्हाला माहीत नसतं.

मी इथं अंधाऱ्या फळीवर रिकामी आहे. मला भूक लागते. लागू द्या.