शर्यतीनंतरचा काटा

पिराजी शुक्रवार सकाळपासून पाणी प्यायला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमानच वाटत होता. रविवारी सकाळी मलकापूरच्या वरच्या अंगाला, धरणाच्या काठानं, एप्रिलच्या उन्हात तो अंगावर दोन जर्किनं चढवून पळत होता. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या तालमीत असताना त्यानं वर्षानुवर्षं हेच केलं होतं. कुस्तीच्या आधी घाम गाळून वजन तोडायचं, काट्यावर उभं राहायचं आणि उतरलं की आईनं भरून दिलेला तांब्या घटाघटा रिकामा करायचा. तेव्हा तो पंचविशीत होता. आता पंचेचाळिशी आली होती, पण पैलवानाला त्याचं वय सांगणार कोण?

त्याची धाकटी बहीण क्रांती सांगू शकली असती. ती गप्प बसली, कारण तिला शर्यत जिंकायची होती.

'रणरागिणी' ही तिची शिडाची होडी, धरणावरच्या सगळ्या होड्यांत मोठी. मोठी होडी पळणारच, म्हणून लहान होड्यांना वेळेची सवलत मिळायची. दोन वर्षं असंच झालं. क्रांती सगळ्यांच्या आधी काठाला लागायची, पेठेतली माणसं गुलाल उधळायची आणि थोड्या वेळानं पंच हिशेब करून दुसऱ्याचंच नाव पुकारायचे. एकदा उधळलेला गुलाल परत पिशवीत भरता येत नाही. मग वर्षभर कोपऱ्यावरची पोरं विचारायची, "क्रांते, औंदा गुलाल कुणाच्या नावानं आणायचा?"

या वर्षी पंचांनी मोठ्या होडीलाही थोडी सूट दिली होती, पण होडीवरच्या सहाजणांचं वजन ठरलेल्या आकड्याच्या आत असलं तरच. पिराजीच्या जागी मामाचा शिडशिडीत विश्वजित घेतला असता तर काही प्रश्नच नव्हता. पण वारं भरलं की होडी कलते आणि तिला तोलून धरायला वरच्या कठड्यावर जड माणसं लागतात. क्रांतीला दादाचं वजन पाण्यावर हवं होतं आणि काट्यावर नको होतं.

"तोडतो की वजन," पिराजी म्हणाला होता. "काट्यावरनं उतरलो की पानी पितो."

पण पंचही कोल्हापूरचेच. तालमीतल्या युक्त्या त्यांना काय नवीन! शनिवार-रविवारच्या दोन्ही शर्यती संपल्यावर पुन्हा काटा होईल, असं त्यांनी शनिवारी पहिल्या काट्याच्या वेळीच जाहीर केलं.

"मग उद्याचा काटा झाल्यावर पितो," पिराजी हसून म्हणाला. "दोन दिसांत काय मरत न्हाय मानूस."

शनिवारची शर्यत त्यांनी जिंकली. राहिली होती रविवारची.

दुपारी घाटाकडून वारं सुटलं. 'रणरागिणी' सुरुवातीपासून पुढे होती, पण नुसतं पुढे असून भागणार नव्हतं. मागच्या होड्यांना भरपूर मागे टाकायला हवं होतं. शेवटच्या खुणेला वळसा घालताना पिराजीच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो दात आवळून बसला, पण शेजारी उचगावचा सिकंदर होता, त्याला ते दिसलं.

"ताई, दादास्नी घाम यायचा बंद झालाय. अंग तव्यागत तापलंय. पानी द्या त्यास्नी."

बाटली क्रांतीच्या पायापाशीच होती. पिराजीनं हात पुढे केला. जन्मभर बहिणीला देत आलेला माणूस आज तिच्याकडे मागत होता. क्रांतीनं मागच्या होड्यांकडे पाहिलं.

"दादा, आलोच की आता. काठ दिसतोय बघ. अजून काटा हाय."

पिराजीनं हात मागे घेतला. "व्हय की. चालव तू. माझ्याकडं बघू नगंस."

आणि तिनं खरंच बघितलं नाही. दादाचं म्हणणं तिनं इतक्या इमानानं कधीच ऐकलं नव्हतं.

"ताई, इंजिन लावा," सिकंदर ओरडला. इंजिन अडीनडीसाठी होतं; ते लावलं की होडी झटकन काठाला, पण शर्यतीतून बाद. क्रांतीचा हात किल्लीपर्यंत गेला आणि माघारी आला.

"गप बस सिकंदर. वळायचंय!"

होडी वळली. वळताना सगळ्यांनी उठून पलीकडच्या कठड्यावर जायचं असतं. पाचजण आपापल्या जागी गेले, पिराजी तिथेच राहिला. होडी त्याच्या बाजूला कलली, पाणी त्याच्या कमरेपर्यंत चढलं, तरी तो उठला नाही. मान छातीवर पडली होती. दोन्ही हातांनी कठडा मात्र घट्ट धरलेला होता.

शर्यतीची शेवटची रेघ समोरच होती. क्रांतीनं ती ओलांडली, पंचांचा भोंगा ऐकला आणि मग किल्ली फिरवली.

काठावर गुलाल तयारच होता. सिकंदर बोंबलत होता, "अरं सरका, सरका!" पण त्या हलगीत ऐकतंय कोण? पोरांना वाटलं, पैलवान दमलाय. त्यांनी त्याला खांद्यावर घेऊन दोन उड्या मारल्या. मग त्याचा हात लोंबकळताना कुणीतरी पाहिला आणि हलगी थांबली. मलकापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि स्टेथोस्कोप गळ्यातून काढून ठेवला.

दुसरा काटा कुणी मांडलाच नाही. पंचांनी 'रणरागिणी'ला विजयी ठरवलं.

संध्याकाळी पिराजीला घरी आणलं, तेव्हा त्याच्या केसांत अजून गुलाल होता. विठाबाई लेकाच्या उशाशी बसली. तिनं नेहमीचा तांब्या भरून आणला होता. पदराचं टोक त्यात बुडवून ती त्याचं कपाळ पुसू लागली. रडली नाही. बराच वेळ पुसून झाल्यावर तिनं लेकीकडे पाहिलं.

"जाताना पानी तरी घातलंस न्हवं त्याच्या तोंडात?"

"न्हाय."

"मागितलं न्हाय व्हय त्यानं?"

"मागितलं."

"मग?"

क्रांतीला खोटं बोलता आलं असतं. सिकंदर दारात उभा होता, तोही काही बोलला नसता.

"काटा हुता, आई," ती म्हणाली.

विठाबाईला काटा म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं तांब्या उचलला आणि लेकाच्या मिटलेल्या ओठांना लावला.