वरूचा दुसरा फोटो

"हलू नको गं! अय्यो, भांग वाकडा गेला बघ," म्हणत गिरिजाबाईनं वरूचं डोकं पुन्हा गुडघ्यांत पक्कं धरलं. तेल असं चोपडलं होतं की कपाळावर ओघळ आले होते. दोन वेण्या, लाल रिबिनी, वर अबोलीचा वळेसर, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. अंगात रेशमी परकर-पोलकं. लग्नातलं एकुलतं एक मैसूर रेशमाचं पातळ गिरिजाबाईनं त्यासाठी कात्रीखाली घातलं होतं. कानांतले झुबे तेवढे शेजारच्या वेदवतीचे, संध्याकाळपर्यंतच्या बोलीवर आणलेले.

"आत्ते, बेग कर की, लवकर. इंग्रिडम्मा येऊन थांबली असेल."

"थांबू दे. फोटो समुद्रापलीकडं जाणार तुझा. कुणाची गं ही पोर, अशी अनाथासारखी, असं तिकडं कुणी म्हणायला नको."

अनाथच होती की वरू. गिरिजाबाईचा भाऊ मानाजीराव आणि वहिनी हुणसूर रस्त्यावर एकाच लॉरीखाली गेली, तेव्हा ही पोर पाळण्यात होती. गिरिजाबाई नवऱ्यामागं माहेरी येऊन राहिलेली, पदरी मूलबाळ नाही. तिनं वरूला उचललं ते उचललंच. रोज पहाटे येलवालहून बसनं मैसूरला, गोकुलम भागात जायचं, योग शिकायला आलेल्या परदेशी मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि संध्याकाळच्या आत पोरीसाठी घर गाठायचं. पण ताठा मात्र गेला नव्हता हो! आजे-पणजे मैसूरच्या महाराजांच्या घोडदळातले. वडील फत्तेसिंगराव मरेपर्यंत इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय दारात उभे राहिले नाहीत, मग आत चूल पेटलेली असो की नसो.

गोकुलमच्या त्या मंडळींनी एक संस्था काढून इथल्या काही गरीब मुलांना दत्तक म्हणावं तसं घेतलं होतं. तिकडं बसून कुणीतरी शाळेचा खर्च उचलायचं, वरूचाही उचललेला होता. आता त्यांच्यातल्या इंग्रिडबाईनं नवीन मनावर घेतलं होतं. आपल्या देशात जाऊन निधी गोळा करायचा आणि या मुलांना पक्की घरं बांधून द्यायची. तिथं एका सभागृहात प्रत्येक मुलाचा फोटो लावणार, ज्याला जे मूल भावेल त्यानं त्याच्या घरासाठी पैसे द्यायचे. इथलं सगळं पाहायचे हयग्रीवराव. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, भला माणूस.

घराची गरज तर होतीच. मागची भिंत पावसात बसली होती, तिथं निळी ताडपत्री बांधलेली. एकदा वरूच्या अंथरुणाशी साप निघाला आणि हे हयग्रीवरावांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "गिरिजाक्का, असल्या घरात मूल ठेवायला संस्था परवानगी देत नाही. पक्कं घर झालं तर बरं. नाही तर पुढच्या वर्षी वरूला चित्रदुर्गकडच्या वसतिगृहात धाडावं लागेल."

घर गेलं तर गेलं, वरू गेली तर गिरिजाबाईनं जगायचं कुणासाठी?

म्हणून तर हा सगळा थाट! इंग्रिडबाईनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि कन्नडमधला तिला येणारा एकच शब्द ती ओरडली, "नगु! नगु!" हस म्हणाली. वरू अशी खळखळून हसली की पडलेल्या दातांची खिडकी दिसली. आता या फोटोला कोण नाही म्हणतंय, असं गिरिजाबाईला वाटलं. तिनं तिथल्या तिथं पोरीची दृष्ट काढली.

पाऊस संपता संपता हयग्रीवराव गोकुलमच्या स्वयंपाकघरात आले. गिरिजाबाई बीन्स चिरत होती.

"बाकीच्या मुलांना घरं मिळाली, अक्का."

"आणि आमच्या वरूला?"

हयग्रीवराव चष्मा पुसत राहिले. "कसं सांगू? फोटो फार सुरेख आला. पण तिथली माणसं म्हणाली, हिच्या अंगावर रेशीम, कानांत सोनं, केसांत फुलं. हिला घर कशाला? ते गरजवंताला द्या."

"सोनं कसलं, सार! मागून आणलेले झुबे ते! बेंटेक्सचे!"

"ते तुला-मला कळतं. त्यांना काय ठाऊक, आपल्यात फोटो म्हटला की पोर नटवतात?"

गिरिजाबाईनं सुरी खाली ठेवली. आपल्याच हातानं आपण पोरीचं घर घालवलं, या विचारानं तिला भरून आलं. लाडानं केलं होतं सगळं, आणि त्याचं हे झालं.

"इंग्रिडबाई परत आलीय. पुन्हा तिकडं जायच्या आधी आणखी एक फोटो काढते म्हणालीय," हयग्रीवराव खालच्या आवाजात म्हणाले. "एक माणूस अजून तयार आहे तिकडं. अक्का, या वेळी सुम्ने, उगीच काही करू नको. घरात असते तशी उभी कर."

पण घरात वरू कधी तशी नसायचीच! फाटका फ्रॉक शोधावा लागला, तो शेवटी फडक्यांच्या बोचक्यात मिळाला. गिरिजाबाईनं पोरीला समोर बसवलं आणि सकाळीच घातलेल्या वेण्या सोडल्या. बोटांनी केस विसकटले. पदराच्या टोकानं काजळ पुसलं. तीट पुसताना मात्र तिचा हात थबकला, पण तीही पुसली.

"आत्ते, असं का करतीस? आज फोटो आहे ना?"

"आहे म्हणूनच. गप्प राहा."

निळ्या ताडपत्रीपुढं वरू उभी राहिली. इंग्रिडबाईनं या वेळी 'नगु' म्हटलं नाही. पण पोर ती! कॅमेरा दिसला की हसायचं, एवढं तिला ठाऊक. तोंडभर हसली. इंग्रिडबाई थांबली. वरू गंभीर झाली, पुन्हा कॅमेरा वर गेला आणि पुन्हा ती हसली. हयग्रीवराव घड्याळ बघायला लागले.

गिरिजाबाई शेजारीच उभी होती. तिच्या डोळ्यांपुढं चित्रदुर्गची बस आली, बसच्या खिडकीत वरूचं तोंड आलं. तिनं केस सारखे करायच्या निमित्तानं हात पुढं केला आणि पोरीच्या डाव्या दंडाला असा चिमटा काढला, असा काढला, की वरूचा आवाजच फुटला नाही. तिनं नुसतं मान वळवून आत्याकडं पाहिलं. आजवर या हातानं तिला कधी चापट मारली नव्हती. डोळे काठोकाठ भरले.

कॅमेरा वाजला.

घर उभं राहिलं. उगादीच्या पाडव्यानंतरच्या मुहूर्तावर गृहप्रवेश ठरला. नव्या भिंती, पांढरा रंग, दाराला आंब्याचं तोरण. बेट्टदपूरहून चुलतभाऊ अंबाजीराव पटका बांधून आले. चुलीवर दूध उतू गेलं तसं सगळ्यांनी हात जोडले, आणि वरू आता कुठं जाणार नाही, या सुखानं गिरिजाबाईला रडू आलं.

इंग्रिडबाई या सोहळ्यासाठी आली होती. तिनं कागदात गुंडाळलेली मोठी चौकट आणली. ज्यानं घर दिलं त्याची भेट, पुढच्या खोलीत लावायची. कागद निघाला. विसकटलेले केस, फाटका फ्रॉक, आणि ते दोन डोळे. पाहुण्यांत कुजबुज झाली. अंबाजीरावांनी मान फिरवली. इंग्रिडबाई गहिवरून काहीतरी बोलली.

हयग्रीवरावांनी मराठीत सांगितलं, "म्हणतायत, हे डोळे बघून तिकडं सगळं सभागृह रडलं. कुणाला विसरताच येईनात."

भिंतीवर खिळा होता, गिरिजाबाईनं स्वतःच चौकट टांगली.

मग इंग्रिडबाईला नव्या घरात एक फोटो हवा झाला. आज वरूला पुन्हा तेच रेशमी परकर-पोलकं होतं, थोडं आखूड झालेलं. दोन वेण्या, अबोली, काजळ, गालावर तीट. सगळं गिरिजाबाईनं पहाटे उठून मन लावून केलेलं. तिनं वरूला चौकटीखाली उभं केलं आणि बट सारखी करायला हात पुढं नेला.

वरू एक पाऊल बाजूला सरकली.

"नगु, वरू! नगु!" इंग्रिडबाई आनंदानं ओरडली आणि तिनं कॅमेरा उचलला. वरूनं उजव्या हातानं आपला डावा दंड झाकून घट्ट धरला, आणि आत्याकडं न बघता ती हसली.

गिरिजाबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.