पाटीवरचे आठ शब्द

पाणी

पाटीवर पहिला आला तो हा. मूल शिकायला बसलं की श्री गणेशापासून सुरुवात होते. मी मूल नव्हतो, बेचाळीस वर्षांचा होतो. आणि मला शिकवणारी माझ्याशी बोलत नव्हती.

सत्यवती ही माझ्या धाकट्या भावाची, देवीदासची बायको. आमच्याकडे भाऊजय भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बोलत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, तिचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला होता. त्या पौषात मीही बोलत नव्हतो, कारण माझा जबडा बंद पडला होता. चांदूर रेल्वेच्या शाळेत ती चौथी झालेली. माहेराहून पाटी आणलेली. ती एक शब्द लिहायची, पाटी उंबऱ्यावर ठेवायची, आत जायची. मी उचलायचो, गिरवायचो, परत उंबऱ्यावर ठेवायचो.

पाटीशेजारी पाण्याने भरलेला गडवा ठेवला होता. त्यावरून कळलं.

गरम

या शब्दाजवळच्या गडव्यातून वाफ येत होती.

आता जबड्याचं सांगतो.

मी संत्र्याच्या कलमा बांधतो. शेंदूरजनाघाटात हे काम करणारे बरेच. चांगल्या झाडाच्या काडीवरून डोळा काढायचा, म्हणजे नखाएवढी साल आणि तिच्यावर एक कोंब. तो वाळला की मेला. म्हणून जंबेरी लिंबाच्या खुंटाला चाकूने चीर देईपर्यंत तो तोंडात धरायचा, थुंकीच्या ओलीत. मग चिरेत बसवून केळीच्या सोपटाने बांधायचा. एका वेळी चार चार डोळे गालाशी धरून, हनुवटी एका अंगाला ताणून मी बावीस वर्षं हे केलं. शेवटची दोन वर्षं घास चावताना कानाजवळ कट्ट वाजायचं. मी लक्ष दिलं नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी भाकरीचा पहिला घास घेतला आणि वाजलं नाही. वाजलं नाही तेच वाईट. दातांत बोटाचं एक पेर जाईल एवढी फट झाली आणि पुढे दार लागलं. कानापासून गळ्यापर्यंत कळ. बोलायचं म्हणजे दातांमागून गुरगुरायचं.

हंगाम नुकताच लागला होता. खुशालरावांच्या नव्या बागेसाठी पंधराशे कलमा माझ्या हातच्या ठरल्या होत्या.

पहिला आला तो पंजाबराव, हाडं बसवणारा, आखाड्यातला माणूस. बैल विकत घ्यायचा असावा तसं त्याने माझं तोंड पाहिलं.

"धनुर्वात नाही. मान वाकून राहिली, मंग कायचा धनुर्वात? कडी सटकली. दोन अंगठे दाढंवर ठेवतो, तीन झटके."

"अंगठे घालान कुठून?" माझी बायको रुख्मिणी म्हणाली. "फट पाह्यली का?"

"बाहेरून दाबतो."

"अन् तिसऱ्या झटक्यात नाही बसलं त?"

"त चौथा."

"माणूस हाये का सागाचं दार?"

तिचं मत एरंडाच्या पानाच्या शेकाचं होतं. देवीदास दोघांच्या मधे उभा राहिला. "दादाले अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेतो. हे घरचे इलाज बंद."

मला बरं वाटलं. बाप गेला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. घरात एकाला तरी वाचता यावं म्हणून मी त्याला वरुडच्या शाळेत सहावीपर्यंत ठेवलं. मला अक्षर येत नव्हतं, पण वाचायला तो होता.

तीन

तीन संत्री ठेवली होती. खाता येत नाहीत हे तिला माहीत होतं.

मोर्शीवरून मोटारीने अमरावती. डॉक्टरांनी कानाजवळ बोटं दाबली, तोंड उघडायला लावलं, कंपाउंडरला इंग्रजीत काही सांगितलं आणि पुढच्या रोग्याकडे वळले. मी बाकावर बसलो. देवीदास खिडकीशी गेला. कंपाउंडरने चिठ्ठी लिहून दिली, मराठीत, ठसठशीत अक्षरात. देवीदासला ती तिथेच उभं राहून दोनदा वाचताना मी पाहिलं. मग माझ्याजवळ आला आणि वाचून दाखवली.

"जबडा घट्ट आवळून ठेवावा. सहा आठवडे हलवू नये. पातळ अन्न. ओलसर जागी जाऊ नये."

"कलमांचे वाफे?" मी दातांमागून विचारलं.

"वाफे ओलेच असते, दादा."

"नाही ऐकलं त?"

"त अकोल्याले. तिथचा मोठा डॉक्टर कानाजवळ चिरून हाड कापते म्हणे. तोंड वाकडं राह्यते मंग."

माझ्यापुढे तीन रस्ते होते. पंजाबरावाचे झटके, अकोल्याचा चाकू, आणि कागदावरचं आवळणं. मी कागद निवडला. माझ्याच भावाने वाचलेला कागद.

फडकं त्यानेच आणलं. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ. रोज सकाळी वाफ्यांवर निघण्याआधी तो ती सोडून नव्याने आवळायचा.

"दुखून राह्यलं का, दादा?"

मी हात हलवायचो. नाही.

"सोस थोडं."

खुशालरावांकडे निरोपही तोच घेऊन गेला. यंदा दादाच्यानं होत नाही. पंधराशे कलमा मग त्याने बांधायला घेतल्या. मला वाटलं, चांगलं झालं, काम घरातच राहिलं.

बांबू

शेजारी बांबूची एक कमची होती. गिरवून झाल्यावर मी ती पाठ खाजवायला ठेवून घेतली.

हात

पहिल्या आठवड्यात फटीत बोटाचं पेर जायचं. तिसऱ्यात नख. पाचव्यात रुख्मिणी आंबील कापडातून गाळून द्यायला लागली, कारण कणी अडकायची आणि ती काढायला जीभ पुढे येत नव्हती. गालाचं मांस कानाजवळ लाकडासारखं झालं. जांभई आली की डोळ्यांतून पाणी यायचं.

पंजाबराव रस्त्यावरून जाता जाता ओसरीशी थांबला. "काय भगवंता, कागदानं तोंड शिवलं म्हणा की."

रुख्मिणी डगमगली. "अवो, खाऊन पाहा ना दोन झटके. हे त रोज लहानच होऊन राह्यलं."

मी भिंतीतल्या देवळीकडे बोट दाखवलं. तिथे चिठ्ठी होती.

"त्या कागदाची पूजा करा मंग," ती म्हणाली आणि आंबिलाचं भांडं आपटून आत गेली.

हात हा शब्द ज्या दिवशी आला त्या दिवशी पाटीशेजारी काही नव्हतं. पाटीवरच पांढऱ्या पेन्सिलीने कोणीतरी आपला पंजा ठेवून कडेने रेघ ओढली होती. बांगड्यांच्या जागी रेघ थरथरली होती.

काम

माझा कलमांचा चाकू. शेवटचं अक्षर गरममधलं होतं, म्हणून चाकू नव्हे, काम. तो आता देवीदास वापरायचा. त्या सकाळी तो घरभर शोधत होता, "कुठं गेला, आत्ता त इथं होता," आणि चाकू उंबऱ्यावर पाटीजवळ होता. त्याने उचलला, पाटीकडे पाहिलं, हसला.

"शिक, दादा, शिक. म्हातारपणी मास्तर होशीन."

बांधू

खुंटीला केळीच्या सोपटाची गाठ मारलेली. पहिलं अक्षर बांबूतलं.

नये

जवळ काहीच नाही. या शब्दाची वस्तू नसते. भिंतीपलीकडून आवाज आला, रुख्मिणीला सांगितल्यासारखा: "बाई, आज 'नये' हाये म्हणा." रुख्मिणीने मला सांगितलं. मी गिरवला.

दुपारी घरात कोणी नव्हतं. आपल्याला किती येतं ते पाहावं, म्हणून मी देवळीतली चिठ्ठी काढली. घरात दुसरा लिहिलेला कागद नव्हता.

पाणी सापडलं. दचकलो. देवीदासने वाचलेल्यात पाणी कुठेच नव्हतं. त्याच्या आधी गरम होतं. मग तीन. मग बांबू. मला वाटलं चूक माझी, आठ शब्दांच्या माणसाची. बोट ठेवून पुन्हा पाहिलं. हात होता. काम होतं. आणि पहिल्या ओळीत, एक न येणारा शब्द सोडून, कालचा आणि आजचा शेजारी शेजारी. बांधू. नये.

पूर्ण चिठ्ठी मला पुढे वाचता आली. ती अशी:

*जबडा बांधू नये. झटका देऊ नये. दिवसातून तीन वेळा गरम पाणी घेऊन शेकावे व दातांत बांबूच्या पातळ चिपा घालाव्या. चार दिवसांनी एक वाढवावी. पातळ अन्न. डोळे तोंडात धरू नयेत. हाताचे काम करण्यास हरकत नाही.*

त्या दुपारी मला आठच शब्द येत होते. आठ पुरले.

(पाटी नाही)

सकाळी देवीदास गाठ आवळायला आला. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. वाच, अशी खूण केली.

"आता कायले? पाठ झाली मले."

मी पुन्हा खूण केली.

त्याने वाचली. "जबडा घट्ट आवळून ठेवावा. सहा आठवडे हलवू नये." कुठे अडखळला नाही. तेच शब्द, तोच क्रम, आणि तोच शाळेतला सूर. तो लहान असताना मी शाळेच्या भिंतीला टेकून तो सूर ऐकत बसायचो.

मी बोट ठेवलं. एकेका शब्दाखाली. आठही.

त्याने बोटाकडे पाहिलं. मग त्याने उंबऱ्याकडे पाहिलं. आत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"तिनं," तो म्हणाला.

मी फडकं स्वतःच सोडलं.

"हंगामापुरतंच होतं, दादा. मंग मीच सोडनार होतो. इतकं आकडन हे मले कुठं मालूम?" तो खाली बसला. "आठ वर्षं झाले कलमाचे डोळे भरून राह्यलो मी. लोक काय म्हणते? भगवंताचा हात. माझ्या हाताले हातच नाही म्हणत कोणी. एक बाग पाह्यजे होती माझ्या नावाची."

"मांगायची होती," मी दातांमागून म्हणालो. चाळीस दिवसांत पहिले शब्द.

"मांगितली असती त देल्ली असती?"

मी लगेच हो म्हणालो नाही. त्याचं कारण जबडा नव्हता.

रुख्मिणी दारात आली होती. तिने जमिनीवरचं फडकं उचललं, घडी केली आणि देवीदासच्या मांडीवर ठेवली. "घ्या भाऊजी. मढ्याचं तोंडही आमी इतकं घट्ट बांधत नाही."

दोन बोटं

रुख्मिणीला घेऊन मी पुन्हा अमरावतीला गेलो. त्याच कंपाउंडरने चिठ्ठी ओळखली, गाल दाबून पाहिला, आणि कोणी बांधलं ते विचारलं. रुख्मिणी म्हणाली, घरच्यांनी. वेळेवर केलं असतं तर आतापर्यंत भाकरी खाल्ली असती, असं तो म्हणाला. आता एक तर अकोल्याला जाऊन चिरून घ्यायचं, ते खरंच करतात; नाही तर चिपा, पण खूप हळू, आणि पूर्ण उघडेल याची हमी नाही.

मी चिपा निवडल्या. पाठ खाजवायची कमची चिरून पहिल्या आठ केल्या.

पहिली चीप घालताना मी ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो. चैत्रापर्यंत फटीत दोन बोटं मावायला लागली. तीन कधी मावली नाहीत.

कलमा खुशालरावांच्या बागेत गेल्या. मी जाऊन पाहून आलो. सगळे डोळे लागले होते, कोंब ताठ, गाठी नेमक्या. माझ्या हातूनही याहून बरं झालं नसतं, आणि हे मी कोणालाही सांगितलं नाही. देवीदास याच घरात आहे. आता मला बोलता येतं, पण त्याच्याशी बोलत नाही. डोळे मी ओल्या कापडात ठेवतो.

एक राहिलं होतं. मी माझं पहिलं वाक्य पाटीवर लिहिलं: *चिठ्ठी कधी वाचली?* पाटी उंबऱ्यावर ठेवली. दिवसभर ती तशीच होती. संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं, खाली बारीक अक्षरात उत्तर होतं.

*आणली त्याच दिवशी.*

'पाणी' हा शब्द आला तो चिठ्ठी आणल्यापासून सतराव्या दिवशी. आठवा एकोणचाळिसाव्या. भिंतीपलीकडे ती रुख्मिणीशी रोज बोलत होती, मिठाचं, सरपणाचं, आंबील किती पातळ करायची त्याचं, फक्त चिठ्ठीचं नाही. मी मोजत बसलो. तिने मला आठ शब्द दिले. आणि तिच्याजवळ ते पहिल्या दिवसापासून होते.

पुसायला कापड ओलं करून आणलं होतं. पुसलं नाही. पाटी होती तशी उंबऱ्यावर ठेवली, मी भिंतीकडे तोंड केलं, आणि दातांत दहावी चीप घालायला बसलो.