मलमावरचं गंगाजल

रोज नवाच्या ठोक्याला आनंदी नावाची नर्स यायची, तशी त्या दिवशीही आली. मुंबईला हृदयाची शस्त्रक्रिया करून श्रीपादला इंदूरला आणलं होतं. तिनं त्याच्या छातीवरची पट्टी सोडली, टाके पुसले, वर जंतुनाशक मलम लावलं आणि लक्ष्मीला बजावलं, "वहिनी, नवऱ्याला जपा. हे मलम निघालं आणि जखमेत पू झाला, तर थेट हृदयाशी गाठ आहे."

आनंदी महूच्या बौद्ध घरातली. ती जिना उतरली रे उतरली, की सासूबाई, द्वारकाबाई, तांब्या घेऊन हजर! "अरे देवा, किसका हाथ लागला माझ्या सोन्याला!" म्हणत त्या मलम पुसायच्या, जखमेवर गंगाजल ओतायच्या आणि तीच पट्टी पुन्हा बांधायच्या. पट्टी ओली कशी, असं आनंदीनं विचारलं की सांगायच्या, "घाम येतो हो त्याला." आणि लक्ष्मी? ती दाराशी तोंडाला कुलूप लावून उभी. सासूपुढे बोलायची तिची छाती नव्हती.

आठव्या दिवशी जखम पिकली. अकराव्या दिवशी श्रीपाद गेला.

वर नाव कुणाचं? नर्सचं! बारा दिवस घरात तीच कुजबुज. तेराव्याला, सगळे नातलग जमलेले असताना, सासरे दौलतरावांनी तक्रारीचा कागद पुढे केला. "सही कर, सूनबाई. घाण हात लावून पोराला मारलं तिनं. अब देखो, नौकरी कशी टिकते!"

लक्ष्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कागद उलटा केला, मागे लिहिलं आणि खड्या आवाजात वाचलं, "माझा नवरा नर्सच्या हातानं मेला नाही. द्वारकाबाई रोज औषध पुसून पाणी ओतत होत्या. मी बघत होते."

दौलतरावांनी कागद टरकावला.

"फाडा, मामंजी. असाच एक काल आनंदीच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना पोस्टानं धाडलाय."

"चालती हो माझ्या घरातून!" द्वारकाबाई किंचाळल्या.

"मी कशाला जाऊ?" लक्ष्मी त्यांच्या समोरच पाटावर बसली. "इथंच राहणार. या दारात जो येईल, त्याला सांगणार तुम्ही काय केलंत ते. तुमच्यादेखत, सासूबाई. तुम्ही जिवंत आहात तोवर."