पट्टीवाले सरांचा हात

पट्टीवाले सरांनी तांब्याच्या पट्टीच्या टोकाला ब्लेड टेकवलं आणि लगेच उचललं. सूक्ष्मदर्शकाखाली मुंगीएवढं टोकही बोटभर दिसतं. तसा हाताचा बारीक थरकापही तिथे भूकंपासारखा दिसत होता. त्यांनी मनगट टेबलावर दाबून धरलं, श्वास रोखला, पुन्हा प्रयत्न केला. पातं भलतीकडेच सरकलं. पट्टीला लागलं नाही, एवढंच नशीब.

प्रयोगशाळेत त्यांचं खरं नाव फारसं कोणी घेत नसे. आयुष्यभर त्यांनी मायक्रोवेव्ह लहरींचे फिल्टर, म्हणजे हवा तेवढाच सिग्नल जाऊ देणाऱ्या गाळण्या, बनवल्या होत्या. छापील सर्किटवर तांब्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी, पण एकमेकींना न चिकटवता मांडायच्या. एकीतला सिग्नल मधली केसाएवढी फट ओलांडून दुसरीत जातो, दुसरीतून तिसरीत. कोणती फ्रिक्वेन्सी पलीकडे पोचणार हे पट्टीच्या लांबीवर ठरतं, आणि तिच्या आजूबाजूच्या किती जणींना आत घ्यायचं हे फटीवर. नव्या माणसांना त्यांचं टोपणनाव ऐकून वाटे, हे शाळामास्तरांसारखे हातावर पट्टी मारत असणार. सर ती भीती मुद्दाम घालवत नसत.

आजचा फिल्टर बंदरावरच्या केंद्रासाठी होता. संकटातल्या बोटींची हाक उपग्रहामार्फत तिथे पोचायची. पण शेजारी मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिला आणि त्याच्या गोंगाटात केंद्राचा रिसीव्हर बहिरा झाला. मागच्या आठवड्यात एका बोटीची हाक ऐकूच आली नाही. दुसऱ्या बोटीने ओढून आणली म्हणून माणसं वाचली. आता फिल्टरने टॉवरला अडवायचं आणि हाक तेवढी आत घ्यायची. सरांचं डिझाइन चोख होतं, पण बोर्डाचा माल जरा वेगळा निघाला आणि पलीकडे जाणाऱ्या फ्रिक्वेन्सींचा सगळा पट्टा किंचित खाली सरकला. टोकं जराशी खरवडून पट्ट्या आखूड केल्या की तो वर येणार होता. धड बोर्ड एकच उरला होता, आणि केंद्राची गाडी दुपारी न्यायला येणार होती.

असली टोकं सरांनी गप्पा मारता मारता खरवडली होती. पण अलीकडे हात थरथरू लागला होता. त्यांच्या वडिलांना कंपवात होता. शेवटी शेवटी त्यांना घास भरवावा लागे. सरांनी ते जवळून पाहिलं होतं, म्हणूनच ते डॉक्टरकडे गेले नव्हते. बायकोलाही बोलले नव्हते. चहा अर्धाच कप घेत आणि पित्त होतं म्हणून सांगत.

पलीकडच्या टेबलावर जोडणीवाल्या बाई सोल्डरिंग करत बसल्या होत्या. सरांच्या बरोबरीनेच त्यांचे केस या खोलीत पांढरे झाले होते. सरांनी ब्लेड खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे गेले.

"बाई, जरा येता? टोकं तुम्ही खरवडा. माझा हात थरथरतोय."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यापासून बघतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. उगाच चोंबडेपणा कशाला?"

सरांना खरं तर राग यायला हवा होता. उलट पाठीवरचं पोतं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

बाई सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या, सर मोजयंत्राच्या पडद्यापुढे. कुठलं टोक, किती खरवडायचं ते सर सांगत आणि बाई तेवढंच खरवडत. एकदा त्यांनी जरा जास्त दाबलं, पण पडद्यावरची रेषा सुदैवाने बिघडली नाही. ती हळूहळू वर सरकत जागेवर आली. बोर्ड धातूच्या पेटीत बसवून झाकण लावल्यावर ती थोडी हलते. तेवढी जागा सरांनी सोडलीच होती. झाकण लावून पुन्हा मोजलं. हाकेच्या जागी रेषा सपाट होती आणि टॉवरच्या जागी विहिरीत उतरल्यासारखी खोल गेली होती.

संध्याकाळी केंद्रातून फोन आला. टॉवर जोरात चालू असतानाही चाचणीची हाक स्वच्छ ऐकू आली होती. सरांनी ते बाईंना सांगितलं, मग घरी जाऊन बायकोला हाताचं सांगितलं. तिला कशाचीच कल्पना नव्हती. ती आधी चिडली, मग तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी सरांना चालायला लावलं, हात मांडीवर सैल ठेवायला लावले, कागदावर गोल गोल वळत जाणारी रेघ काढायला लावली. मग म्हणाले, "वडिलांचा आजार तुम्हाला नाही. त्यात हात स्वस्थ असताना हलतो. तुमचा काम करताना हलतो. हा पुरता जाणार नाही, पण गोळीने कमी होईल. बारीक काम मात्र आता दुसऱ्याला द्या."

सरांनी कागदावरची वेडीवाकडी रेघ निरखून पाहिली. "अशी पट्टी कोणी आणली असती, तर मी तोंडावर परत केली असती," ते म्हणाले. डॉक्टर हसले. बायको हसली नाही. ती पदराने डोळे टिपत होती.

बाहेर जिन्यात गार वारा होता. सरांच्या बाह्या मनगटाशी उघड्याच होत्या. कितीतरी महिन्यांत त्यांनी ती बटणं लावली नव्हती. ते एका पायरीवर थांबले आणि दोन्ही हात बायकोपुढे धरले. तिने पिशवी कठड्याला टेकवून ठेवली, आधी उजव्या हाताचं बटण लावलं, मग डाव्या हाताचं.