कौशल्याबाईंची कवळी

ओळख सांगायला थोडी लाजच वाटते, पण बोलतेच. मी करडी गावच्या कौशल्याबाईंची कवळी. रोज त्यांच्या तोंडात असते, पण बोलण्याची पाळी माझ्यावर आजच आली.

माझ्याआधी एक कवळी होती. बाई तिला पितळी लोट्यासारखी राखेने घासायच्या. एके दिवशी ती नहाणीच्या दगडावर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून बाईंचं गाणं थांबलं. भाताच्या रोवणीचं एक लांबलचक गाणं गावात त्यांनाच पूर्ण येत होतं, पण दातांविना शब्द उमटेनात, नुसती हवा जायची. त्यांची सून शालू भाताच्या बांधीत, म्हणजे खाचरात, शेजारी वाकून कान देई, तिला काही कळत नसे.

"दुसरी आणली तरी थेबी फुटन. कायले आणता?" बाई म्हणायच्या. शालूने ऐकलं नाही.

भंडाऱ्याच्या कवळ्या बनवणाऱ्या कुलदीपने मला घडवलं. काय हात त्या माणसाचा! कवळीच्या गुलाबी भुकटीत त्याने झिरकोनिया या टणक पदार्थाचे कण मिसळले, इतके बारीक की पिठीसाखर त्यांच्यापुढे खडीसाखर वाटावी. हे नॅनोकण तड्याला पुढे सरकू देत नाहीत. पण जास्त झाले तर त्यांच्या गुठळ्या होतात आणि कवळी उलट कच्ची राहते. म्हणून तो मोजूनमापून, सावकाश घोटत राहिला.

"राख लावू नका, आजी, ओरखडे पडतात," त्याने बजावलं.

"आमच्या दातायले राखच पायजे," असं म्हणून रोवणीच्या सकाळी बाईंनी मला घासायला घेतलंच. मी निसटले आणि त्याच दगडावर आपटले. मला उचलायचाही बाईंना धीर होईना.

शालूने मला धुऊन उजेडात धरलं. "काई नाई झालं, आत्याबाई. बारीक ओरखडे आहेत, बस."

त्या दिवशी चिखलात भाताची रोपं, पऱ्हे, रोवताना बाई गायल्या. एकेक शब्द माझ्यावर टेकून स्वच्छ बाहेर पडत होता आणि शालू तो उचलून म्हणत होती. संपलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, असं दिवसभर चाललं. शेवटच्या कडव्यापाशी बाई दम घ्यायला थांबल्या, तर शालूने ते एकटीनेच पुरं केलं.

बाईंनी तोंड मिटलं. आत मला त्यांचं हसू कळलं.

मला रात्री पाण्यात ठेवा, राखेपासून वाचवा, एवढंच मागणं. पण उद्या मी फुटलेच, तरी ते गाणं आता माझ्यावाचून अडणार नाही.