नामाची सही आणि मी

मी एक जुना स्टॅम्प पॅड आहे. पत्र्याची डबी आणि आत जांभळ्या शाईत भिजवलेली कापडी गादी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझे भाऊबंद तुम्ही पोस्टात पाहिले असतील, पण माझी नोकरी वेगळी होती.

सीबीडी बेलापूरच्या एका दुकानातून मला आरिफा मुकादम मॅडमनी घेतले. अठ्ठावीस वर्षे त्यांनी कायद्याच्या कॉलेजात राज्यघटना शिकवली होती. त्यांचे बरेच विद्यार्थी बिल्डरांचे वकील झाले आणि मोठ्या गाड्यांतून त्यांना हात करू लागले. मॅडमनी मात्र निवृत्तीनंतर वकिली धरली, तीही खटला सुरू होण्याआधीच तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांसाठी, फुकट. वकीलपत्रावर कैद्याची सही लागते. ज्याला ती येत नाही त्याचा अंगठा. म्हणून मी त्यांच्या पिशवीत असे. माझ्या शाईने चार माणसे सुटली तेव्हा मी जरा फुशारलोच होतो.

मग नामा आला. मिठागरात राबलेला, दम्याने वाकलेला म्हातारा. खाडीत भराव टाकणाऱ्या डंपरांपुढे तो बसला आणि जड कलमे लागून आत गेला. त्याच्या पहिल्या जामीनअर्जावर माझ्याच शाईचा अंगठा होता. तो अर्ज फेटाळला गेला.

वरच्या कोर्टात जायची तयारी चालली असताना मॅडमनी दर भेटीत त्याला अक्षरे गिरवायला लावली. शिकवायची खोड जाते कुठे! नव्या वकीलपत्राच्या दिवशी त्यांनी माझे झाकण उघडले, तर नामाने मला बाजूला सारले.

"बाय, अंगठा नको. आता माजी सही हाय."

सही वाकडीतिकडी होती. मॅडमचे डोळे भरून आले. बिनकामाचा ठरूनही मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

अर्ज परत आला. आधीच्या कागदांवर अंगठा, आता सही. हा तोच माणूस कशावरून? तुरुंगाचा दाखला जोडा. शेरा मारणारा कोर्टाच्या कचेरीतला अधिकारी तेजस, मॅडमचाच विद्यार्थी.

"मॅडम, माझा नाइलाज आहे," तो खाली बघत म्हणाला. "कागद चोख हवा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

दाखला यायला पाच आठवडे लागले, तोवर कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली. सुट्टीनंतर सोमवारची तारीख मिळाली. नामा आधीच्या शुक्रवारी तुरुंगातच गेला.

त्याचे सामान घ्यायला बायको गोजरा तुरुंगाच्या कचेरीत आली. एक सदरा, दम्याचा पंप, सरावाची वही. पोचपावतीसाठी मॅडमनी मला काढले. मी पार वाळलो होतो. दोन थेंब पाणी घातले तरी अंगठा पुसटच उठला.

"नीट नाही आला. परत लावा," कारकून म्हणाला.

बाहेर आल्यावर गोजराने वही उघडली. पानभर नामाचे नाव होते. "बाय, मना पन सही शिकव ना."

उभ्या जन्मात कुणाला शिकवायला नकार न दिलेल्या मॅडमनी तोंड फिरवले. तेव्हापासून मी खणात आहे.

मित्रांनो, मला शाई घालू नका. पण उद्या तुम्ही कागद तपासायच्या खुर्चीत बसलात, तर शेरा मारण्याआधी एकदा विचारा, हा माणूस आत्ता कुठे आहे, त्याला श्वास तरी घेता येतो का. अठ्ठावीस वर्षे मॅडम वर्गात हेच सांगत होत्या. तेजस पहिल्या बाकावर बसायचा.